नाणे नवे, हमी कोणाची?

डहाणू शहराला लागून आगर नावाचे गाव आहे. मराठीत नारळी-पोफळीच्या बागेला आगर म्हणतात आणि जेथे मीठ पिकते त्यालाही आगरच म्हणतात. जमीन, पाणी आणि घाम यांतून उभी राहणारी, डोळ्यांना दिसणारी आणि हाताला लागणारी संपत्ती म्हणजे आगर. याच पट्ट्यातील चिकूला ‘डहाणू घोलवड चिकू’ म्हणून भौगोलिक मानांकन लाभले आहे. आज या भागात रस्त्याकडेला टोपली घेऊन बसलेली बाई गिऱ्हाइकापुढे चौकोनी ठिपक्यांचा पुठ्ठा धरते. तिच्या भाषेत तो ‘स्कॅनर’. पैसे जमा होतात ते मात्र बहुधा मुलाच्या खात्यावर, कारण मोबाईल त्याचा असतो. संध्याकाळी हिशेब विचारला तर ती हसून म्हणते, ‘त्यालाच ठाऊक.’

हे हसणे आमच्या मनात रेंगाळत राहिले. वित्त-तंत्रज्ञान, आभासी चलन, ब्लॉकचेन हे शब्द आता मंत्रालयाच्या परिपत्रकांतून आणि पंचतारांकित परिषदांतून निघून तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आहेत. त्यांचे स्वागत करावे की त्यांच्यापासून दूर राहावे, एवढाच प्रश्न सहसा विचारला जातो. आमच्या मते तो प्रश्न अपुरा आहे. या बाईचा पैसा तिच्या नजरेआड गेल्यावर त्याची हमी कोण घेणार, हे विचारले पाहिजे, आणि ते महाराष्ट्र शासनाला विचारले पाहिजे, कारण या क्षेत्राला राजाश्रय देण्याचे धोरण शासनानेच स्वीकारले आहे.

प्रथम जे चांगले झाले त्याचे श्रेय मोकळ्या मनाने दिले पाहिजे. भारतीय राष्ट्रीय भुगतान निगम या मुंबईस्थित संस्थेने एप्रिल २०१६ मध्ये ‘यूपीआय’ सुरू केले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातील व्यवहारांची संख्या दोन हजार कोटींच्या पुढे गेली. परदेशी कार्ड-कंपन्यांच्या दाराशी न जाता भारतीय बुद्धीने उभारलेली ही व्यवस्था आज जगाच्या कौतुकाचा विषय आहे. स्वदेशीचा पुरस्कार करणाऱ्या प्रत्येकाला तिचा अभिमान वाटावा, आम्हांसही वाटतो. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये स्वतंत्र फिनटेक धोरण जाहीर केले. असे धोरण आखणाऱ्या पहिल्या राज्यांत आपले राज्य होते. ‘मुंबई फिनटेक हब’ उभे राहिले, नवउद्योजकांना जागा, मार्गदर्शन आणि सवलती देऊ केल्या गेल्या. रिझर्व्ह बँक, शेअर बाजार आणि बँकांची मुख्यालये ज्या शहरात आहेत, तेथे या उद्योगाने मूळ धरावे ही अपेक्षा रास्तच होती.

मुंबईपासून डहाणू काही फार दूर नाही. चर्चगेटहून रेल्वेने सुमारे सव्वाशे किलोमीटर. एप्रिल २०१३ पासून उपनगरी गाडीही डहाणूपर्यंत धावते. ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. तरीही फिनटेक धोरणाची चर्चा वांद्रे-कुर्ला संकुलात जितक्या उत्साहाने होते तितक्या उत्साहाने तलासरीच्या एखाद्या पाड्यावर तिचा परिणाम तपासायला कोणी जात नाही. उपनगरी गाडीच्या शेवटच्या स्थानकावर धोरणाचे काय होते, हे पाहण्याची आपल्याला सवयच नाही.

याचा एक अनुभव जवळच, ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात आहे. नोटाबंदीनंतर १ डिसेंबर २०१६ रोजी धसई हे राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून घोषित झाले. स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकाने त्यासाठी पुढाकार घेतला होता, बँक ऑफ बडोदाने यंत्रे दिली होती आणि तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार समारंभाला आले होते. वडापावच्या गाडीवर कार्ड चालते याची छायाचित्रे देशभर झळकली. हेतू निर्मळ होता, श्रम प्रामाणिक होते. परंतु पुढे धसईत रोखीचे व्यवहार पुन्हा वाढल्याच्या बातम्या आल्या. दूरध्वनीचे जाळे तुटक, वीज बेभरवशाची आणि छोट्या दुकानदाराला यंत्राचा खर्च जड, अशी कारणे होती. प्रयोग आपल्याच माणसांचा होता म्हणून ते सांगायचे टाळणे बरे नव्हे. धसईने एक गोष्ट शिकवली: यंत्र बसवणे हा समारंभ असतो, यंत्र चालते ठेवणे ही सेवा असते. पहिल्यासाठी मंत्री येतात, दुसऱ्यासाठी कोणी तरी रोज यावे लागते. पुढे यूपीआय स्वस्त झाले, मोबाईल घरोघर पोहोचले आणि जे २०१६ मध्ये साधले नाही ते बरेचसे आपोआप घडले. मात्र ‘रोज येणारा कोणी तरी’ अजूनही सापडलेला नाही.

डहाणू-तलासरीची गोष्ट धसईपेक्षाही अवघड आहे, कारण या भूमीला पैशाचा इतिहास फार कडू आहे. सर्व तलासरी आणि डहाणूचा बहुतेक भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. येथील वारली समाजाच्या कुडाच्या भिंतींवरील चित्रे आज जगभर विकली जातात. याच समाजात ‘लग्नगडी’ नावाची प्रथा होती, हे मात्र त्या चित्रांच्या ग्राहकांना ठाऊक नसते. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे प्रत्यक्षात जन्मभर, नवरा-बायकोने त्याच्या घरी राबायचे. कर्ज किती होते, किती फिटले, व्याज कोणत्या दराने चढले याचा हिशेब सावकाराच्या वहीत असे. वही वाचता येणारा एकच आणि अंगठा उमटवणारा दुसरा. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडून वनवासी भागाची चौकशी करवली, तिच्या अहवालात या वेठीची नोंद आहे. १९४५ पासून गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने झालेल्या लढ्यात ही प्रथा मोडली. त्यांचा राजकीय विचार आम्हांस मान्य नाही, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. पण वेठ मोडली हे सत्य आहे, आणि ती मोडायलाच हवी होती.

आता त्या वहीच्या जागी पडदा आला आहे. पडदा वाचता येणारा एकच आणि अंगठा उमटवणारा दुसरा, ही विभागणी मात्र अनेक ठिकाणी तशीच आहे. आधारशी जोडलेल्या खात्यातून बँक मित्राच्या यंत्रावर बोट टेकून पैसे काढणारी वृद्धा ‘यंत्राने नाही म्हटले’ म्हणून परत जाते. व्यवहार खरोखर फसला की खात्यातून रक्कम वजा झाली, हे तिला तालुक्याच्या शाखेत जाऊन विचारावे लागते. तेवढ्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडते. बहुसंख्य बँक मित्र प्रामाणिक आहेत आणि तुटपुंज्या कमिशनवर मोठे काम करतात. परंतु जी व्यवस्था केवळ माणसाच्या प्रामाणिकपणावर चालते तिला व्यवस्था कसे म्हणावे?

थेट खात्यावर पैसे देण्याची पद्धत चुकीची आहे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. वस्तूंच्या रूपाने मदत देताना काय होते ते याच समाजाने पुरेपूर पाहिले आहे. आदिवासी विकास विभागातील २००४ ते २००९ या काळातील योजनांची चौकशी करणाऱ्या न्या. गायकवाड समितीचा अहवाल २०१७ मध्ये शासनाला सादर झाला. तो ज्यांनी वाचला असेल ते वस्तूवाटपाचा आग्रह पुन्हा धरणार नाहीत. खावटीचेच उदाहरण घ्या. पावसाळ्यात हाताला काम नसते, घरात दाणा नसतो, तेव्हा सावकाराकडे जावे लागू नये म्हणून राज्याने १९७८ मध्ये खावटी कर्ज योजना सुरू केली. काही वर्षांपूर्वी ती थांबली. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, एका वर्षापुरते खावटी अनुदान जाहीर झाले: प्रत्येक कुटुंबाला चार हजार रुपये, त्यांतील दोन हजार खात्यावर आणि दोन हजारांच्या वस्तू. साडेअकरा लाखांवर कुटुंबांसाठी ही योजना होती. वस्तूंचे वाटप पुढच्या वर्षापर्यंत लांबले. पैसे थेट खात्यावर जाणे हे मध्यस्थाच्या हातून जाण्यापेक्षा शतपटीने बरे, याबद्दल आमच्या मनात संदेह नाही. अंत्योदयाचा विचार मांडणाऱ्या पं. दीनदयाळजींच्या नावाने आदिवासी विद्यार्थ्यांसाठी जी ‘स्वयम्’ योजना चालते, तीही थेट खात्यावरच रक्कम देते. प्रश्न त्यापुढचा आहे. खात्यावर आलेला पैसा खात्यावर सुरक्षित राहतो का?

तो प्रश्न आज या दोन तालुक्यांत पूर्वी कधी नव्हता इतका मोठा झाला आहे. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वे, मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग आणि मालवाहतुकीचा स्वतंत्र लोहमार्ग हे तिन्ही प्रकल्प याच पट्ट्यातून जातात. त्यांत वाढवण बंदराची भर पडली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या बंदरास मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. बंदर हवे की नको, मच्छीमार बांधवांच्या शंकांचे निरसन कसे करावे, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच पाहायचे की प्रकल्पांसाठी जमीन गेली आणि मोबदल्याची रक्कम खात्यावर आली. ज्यांनी एकरकमी लाख रुपये कधी पाहिले नव्हते, त्यांच्या पासबुकात मोठमोठे आकडे उमटले.

येथे कायद्यातील एक विलक्षण विसंगती आहे आणि तिच्याकडे आम्ही शासनाचे लक्ष वेधू इच्छितो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ यांनी आदिवासींच्या जमिनीभोवती भक्कम तटबंदी उभारली आहे. पूर्वपरवानगीशिवाय ती जमीन बिगर-आदिवासीला विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. १९७४-७५ च्या कायद्यांनी तर हातून गेलेल्या जमिनी परत मिळवून देण्याची तरतूद केली. एक एकर जमीन हिरावायची असेल तर सात-बारा, फेरफार, तलाठी, प्रांत, जिल्हाधिकारी अशा अनेक पायऱ्या चढाव्या लागतात. पण त्याच एकराचा मोबदला खात्यावर जमा झाला की सारी तटबंदी संपते. तो पैसा न्यायला सहा आकडी एक सांकेतिक क्रमांक पुरतो. जमीन राखणाऱ्या शासनाने, जमिनीचा पैसा झाल्याबरोबर राखण सोडून द्यावी, हे कोणत्या न्यायात बसते?

आभासी चलनाचा विषय याच ठिकाणी सुरू होतो. डाय बनवण्याच्या कारखान्यात काम करणारा डहाणूचा तरुण, उंबरगावच्या औद्योगिक वसाहतीत जाणारा तलासरीचा तरुण, यांच्या मोबाईलवर रोज ‘पैसे दुप्पट’ करण्याची आमिषे येऊन पडतात. पूर्वी सावकार दारात येई, त्याचे नाव-गाव ठाऊक असे. आताच्या ठकाला ना चेहरा, ना गाव. ज्याच्या वडिलांच्या खात्यावर मोबदला आला आहे, तो तरुण त्याला सर्वांत सोपे सावज.

हे भय काल्पनिक नाही. महाराष्ट्राने ते भोगले आहे. ‘गेनबिटकॉइन’ नावाच्या योजनेने दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष दाखवून देशभरातील हजारोंना गंडा घातला. पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये मुख्य सूत्रधारास पकडले. तो २०२२ मध्ये मरण पावला आणि पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. या प्रकरणातील एक उपकथा तर अंगावर काटा आणते. जप्त केलेले आभासी चलन समजून घेण्यासाठी पोलिसांनी दोन तज्ज्ञांचे साहाय्य घेतले होते. तेच चलन आपल्याकडे वळवल्याच्या आरोपावरून त्या दोघांनाच मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांना अटक करावी लागली. ज्या वस्तूची जप्तीही तज्ज्ञावाचून करता येत नाही, ती वस्तू सामान्य माणसाने बचत म्हणून बाळगावी असे सांगणाऱ्यांच्या धाडसाला काय म्हणावे!

जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत ‘टोरेस’ प्रकरण उघडकीस आले. दागिन्यांची झगमगती दुकाने, कृत्रिम खडे आणि दर आठवड्याला परतावा. पैसे गुंतवणाऱ्यांत भाजीवाले, छोटे दुकानदार, नोकरदार होते. दादरच्या एका भाजीविक्रेत्याने तक्रार दिली आणि प्रकरण पुढे आले. जमा झालेला पैसा आभासी चलनाच्या मार्गाने देशाबाहेर नेल्याचे तपासयंत्रणांचे म्हणणे आहे. म्हणजे ज्यांनी आयुष्यात कधी बिटकॉइनचे नावही घेतले नाही, त्यांचाही पैसा त्याच भुयारातून गेला.

आणि जे समजून-उमजून या व्यवहारात उतरले त्यांचे काय? ‘वझीरएक्स’ हा मुंबईतून चालणारा मोठा विनिमय मंच. १८ जुलै २०२४ रोजी त्यावर दरोडा पडला आणि सुमारे दोन हजार कोटी रुपयांचे आभासी चलन चोरीस गेले. लाखो भारतीय ग्राहकांची शिल्लक एका दिवसात गोठली. त्यांचा न्याय कोठे झाला? मुंबई उच्च न्यायालयाच्या इमारतीपासून हजारो मैल दूर, सिंगापूरच्या न्यायालयात, कारण संबंधित कंपनी तेथे नोंदलेली होती. तडजोडीची योजना मंजूर होऊन व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. सुशिक्षित, इंग्रजी जाणणाऱ्या, संगणक वापरणाऱ्या ग्राहकांना सव्वा वर्ष तिष्ठत बसावे लागले. तलासरीच्या तरुणाने सिंगापूरला कसे जावे?

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते: हा विषय केंद्राचा आहे, राज्य काय करणार? हे उत्तर अर्धेच खरे आहे. चलन आणि नाणी हा राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्रसूचीतील ३६ वा विषय आहे, हे बरोबर. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द ठरवले. २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के आणि व्यवहारावर एक टक्का कपात लागू झाली, मार्च २०२३ पासून हे व्यवहार काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आले. कर लावला म्हणजे मान्यता दिली असे नव्हे, असे केंद्राने तेव्हाच स्पष्ट केले होते. लोकांनी मात्र सोयीचा अर्थ घेतला. ‘सरकार कर घेते, म्हणजे धंदा खरा’ हे वाक्य विकणाऱ्यांच्या तोंडी बसले. पण त्याच सातव्या परिशिष्टात सावकारी हा राज्यसूचीतील ३० वा विषय आहे आणि पोलीस हा दुसरा. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा हा महाराष्ट्राचाच कायदा आहे आणि ‘टोरेस’ प्रकरणात तोच लावला गेला. ‘पेसा’ कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील सावकारीवर नियंत्रणाचा अधिकार थेट ग्रामसभा आणि पंचायतींच्या स्तरावर नेला आहे. तेव्हा राज्याचे हात बांधलेले नाहीत.

राज्यकर्त्याने परक्या नाण्याविषयी काय भूमिका घ्यावी, याचा एक दाखला आपल्याच इतिहासात आहे. जून १६७४ मध्ये शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडून महाराजांनी सार्वभौमत्वाची मुद्रा उमटवली. त्याच सुमारास हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रजांचा वकील तहाची कलमे घेऊन रायगडावर आला होता. मुंबईची इंग्रजी नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत, असे त्यांतील एक कलम होते. महाराजांकडून आलेल्या उत्तराची नोंद इंग्रजांच्याच कागदपत्रांत आहे. त्याचा आशय असा की, आम्ही कोणत्याही नाण्याला मज्जाव करीत नाही. परंतु ज्यात रयतेचा तोटा होईल असे नाणे घेण्याची सक्तीही आम्ही तिच्यावर करणार नाही. तुमचे नाणे इतर राजांच्या नाण्याइतके कसाचे आणि वजनाचे असेल तर ते चालेल.

साडेतीनशे वर्षांनंतरही यात एक अक्षर बदलण्याची गरज आम्हांस वाटत नाही. महाराजांनी नवे नाणे पाहून नाक मुरडले नाही की भारावून जाऊन त्याला दरबारी सन्मानही दिला नाही. कस पाहिला, वजन पाहिले, आणि तोटा कोणाचा होणार ते पाहिले. आजच्या खासगी आभासी चलनांचा कस कशावर तपासावा? त्यांच्यामागे ना सोने, ना राज्य, ना कोणाची सही. किंमत कालच्या ग्राहकाने दिली म्हणून आजचा देतो. म्हणून शासनाने त्यांना बंदी घालावी की नाही हे दिल्ली ठरवील. पण मुंबईच्या मंत्रालयाने त्यांच्या मेळाव्यांना आपली राजमुद्रा, आपले मंत्री आणि आपले सभागृह देऊ नये. शासनाच्या बोधचिन्हाशेजारी ज्याचे नाव छापले जाते त्याला गावाकडचा माणूस सरकारी समजतो. ही श्रद्धा भाबडी असेल, पण ती शासनाने कमावलेली ठेव आहे. दुसऱ्याच्या धंद्यासाठी ती खर्च करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मग वित्त-तंत्रज्ञानाला पाठबळ द्यायचेच नाही का? द्यायचे, आणि अधिक द्यायचे. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रांच्या नोंदी ब्लॉकचेनवर ठेवण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. बिटकॉइन ज्या तत्त्वावर चालते तेच तत्त्व, पण सट्टा वगळून. एकदा झालेली नोंद मागाहून गुपचूप बदलता येत नाही आणि बनावट प्रमाणपत्र चटकन ओळखता येते. खोट्या दाखल्यांवर खऱ्या वनवासी मुलांच्या जागा बळकावल्या जातात, ही दीर्घकाळची वेदना आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये अशा लाभधारकांना संरक्षण नाकारले. तेव्हा असे उपक्रम डहाणू-तलासरीतही यावेत. मात्र एक सावधगिरी हवी. ही पद्धत नोंद बदलू देत नाही, पण मुळातच खोटी नोंद केली तर ती खोटीही तितकीच अढळ होते. लेखणी धरणाऱ्याची सचोटी कोणतेही तंत्र निर्माण करीत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल रुपयाचा विचारही करावा लागेल. १ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईसह मोजक्या शहरांत त्याची किरकोळ वापराची चाचणी सुरू झाली. हा रुपया खासगी नाणे नव्हे, त्यामागे रिझर्व्ह बँकेची हमी आहे. जाळे नसलेल्या ठिकाणीही चालावा आणि विशिष्ट कारणासाठीच खर्च व्हावा, अशा सोयी त्यात आणण्याचे बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले. पहिली सोय पाड्यांसाठी वरदान ठरू शकते. दुसरीविषयी आमच्या मनात किंतु आहे. बियाण्याचे पैसे बियाण्यावरच खर्च व्हावेत, हे ऐकायला बरे वाटते. परंतु ठरावीक दुकानातच चालणारी चिठ्ठी मजुरीच्या नावाने हातात ठेवण्याची रीत गरिबाला नवी नाही. भाताच्या आवणीत घरचे कोणी आजारी पडले तर बियाण्याचा पैसा औषधाला लावायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्या घराचाच राहिला पाहिजे. अनुदान दिले म्हणजे शहाणपणाचा ठेका आपल्याकडे आला, असे शासनाने समजू नये.

आमची शासनाकडे मागणी फार मोठी नाही. फिनटेक धोरणाखाली सवलत घेणाऱ्या प्रत्येक उद्योगाने आपले उत्पादन अनुसूचित क्षेत्रातील एका तरी तालुक्यात, तेथील बोलीत, तेथील बायाबापड्यांच्या हाती देऊन वर्षभर चालवून दाखवावे. मोबदल्याची मोठी रक्कम ज्या खात्यावर जमा होते, त्या खात्यातून पहिली काही वर्षे मोठी उचल होण्यापूर्वी बँकेच्या माणसाने खातेदाराशी समोरासमोर बोलावे, अशी व्यवस्था महसूल विभागाने बँकांशी बोलून करावी. खातेदाराचा हक्क जराही कमी न करता हे होऊ शकते. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात आभासी चलनाचा माग काढू शकणारा एक तरी प्रशिक्षित अंमलदार असावा. आणि प्रकल्पग्रस्तांच्या यादीबरोबर त्यांचे मोबाईल क्रमांक हातोहात फिरणार नाहीत, याची जबाबदारी एका नामनिर्दिष्ट अधिकाऱ्यावर टाकावी.

सेवाभावी संस्थांनाही यात काम आहे. तलासरीत १९६७ पासून वनवासी मुलांच्या शिक्षणासाठी झटलेल्या माधवराव काणे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी पाड्यांवर जाऊन अक्षरे शिकवली, कारण त्या काळी अंगठा ही दास्याची खूण होती. आज त्याच वसतिगृहांतून शिकलेल्या पिढीने आपल्या आई-वडिलांना मोबाईलवरचा संदेश वाचायला शिकवायचा आहे. टोपलीवाल्या बाईला स्वतःचे खाते, स्वतःचा क्रमांक आणि संध्याकाळी स्वतःचा हिशेब पाहता आला पाहिजे.

ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे, असे शासन सांगते. पहिल्या काही तासांत कळवले तर पैसे वाटेत अडवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमांनुसार, ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्याचाच धरला जातो. पावसाळ्यात चार-चार दिवस वीज नसलेल्या पाड्यावरून, चार्जिंग संपलेल्या मोबाईलवरून, मराठीही अडखळत बोलणाऱ्या वारली म्हाताऱ्याने तो क्रमांक लावला, तर पलीकडे त्याची बोली समजणारे कोणी बसलेले असेल का, हे गृहखात्याने आधी तलासरीला जाऊन स्वतः फोन करून पाहावे.